बहुगुरुशिक्षण, हिंदुस्थानी संगीतातील

एकाच शिष्याने एकाहून अधिक गुरूंकडून, एकाच काळात अथवा क्रमाक्रमाने, संगीतविद्या संपादन करण्याची रीत. हिंदुस्थानी संगीताच्या घराणेदार परंपरेत एका गुरूचे शिष्यत्व हा आदर्श मानला गेला आणि दुसऱ्या गुरूकडे जाणे हा पुष्कळदा निष्ठाभंग समजला गेला. तथापि एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील नामवंत गायक-वादकांची चरित्रे पाहिली असता, त्यांपैकी अनेकांची विद्या दोन, तीन वा त्यांहूनही अधिक गुरूंकडून आलेली आढळते. आदर्श आणि व्यवहार यांतील ही तफावत कशी निर्माण झाली, तिची किंमत कोणास द्यावी लागली आणि कोणत्या परिस्थितीत असे शिक्षण फलदायी ठरले, हे संगीताच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाचे प्रश्न होत.

एकगुरुत्वाची कल्पना : भारतीय परंपरेत गुरूंच्या संख्येविषयी एकच एक मत नाही. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने पृथ्वी, वायू, समुद्र, मधमाशी इ. चोवीस गुरू केल्याचे सांगितले असून महाराष्ट्रात ही कथा एकनाथी भागवत आणि दत्तसंप्रदाय यांमुळे सर्वश्रुत आहे. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकर या ग्रंथात शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक व भावक असे गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या शैलीचे अनुकरण करणारा. गायकाचे हे वर्गीकरण त्याच्या गुणांवर व सामर्थ्यावर आधारलेले आहे. त्याच्या गुरूंच्या संख्येवर नव्हे. संगीतात एकगुरुत्वाचा आग्रह दृढ झाला तो प्रामुख्याने घराण्यांच्या काळात.

या आग्रहाचे दृश्य रूप म्हणजे गंडाबंधनाचा विधी. गुरू शिष्याच्या मनगटास मंतरलेला दोरा म्हणजे गंडा बांधतो, त्यास गूळ व चणे खावयास देतो आणि शिष्य यथाशक्ती नजराणा अर्पण करतो. जाणकारांच्या व कलावंतांच्या साक्षीने होणाऱ्या या विधीमुळे शिष्याला घराण्यात प्रवेश मिळे व त्याच्या गाण्यास प्रतिष्ठा लाभे. ज्याला गुरू नाही अशा गायकास ‘निगुरा’ म्हणून हिणविले जाई. विधीबरोबर काही बंधनेही येत. गुरूच्या अनुमतीवाचून बैठकीत गाऊ नये, मिळालेली चीज इतरांस देऊ नये आणि दुसऱ्या उस्तादापुढे शिकावयास बसू नये, ही त्यांतील प्रमुख होत.

या बंधनांचा उगम केवळ श्रद्धेत शोधता येत नाही. दरबारांच्या आश्रयाने राहणाऱ्या उस्तादांपाशी विद्येखेरीज दुसरी मालमत्ता क्वचितच असे. घराण्यातील खास चिजा, अप्रसिद्ध राग व त्यांची चलने ही वारसाहक्काने पुत्र-पुतण्यांस द्यावयाची ठेव मानली जाई. तबलावादकांच्या घराण्यांत तर कन्येच्या विवाहात जावयास गती आंदण दिल्याच्या आख्यायिका सांगितल्या जातात. चीज दुसऱ्या घराण्याच्या गायकाच्या कंठी गेली, की तिचे दुर्मिळपण व त्याबरोबर तिचे मोलही उणे होई. दोन गुरूंकडे जाणारा शिष्य हा या दृष्टीने एका घरातील ठेव दुसऱ्या घरात नेणारा वाटणे स्वाभाविक होते. विशेषतः घराण्याबाहेरून आलेल्या शिष्यावर हा संशय अधिक असे.

घराण्यांचे मूळ : ज्या घराण्यांनी हा आग्रह धरला, त्यांची घडण मात्र बहुधा एकाहून अधिक प्रवाहांच्या संयोगातून झालेली दिसते. ग्वाल्हेर घराण्याचे आधारस्तंभ हद्दूखाँ व हस्सूखाँ यांना घरची तालीम होती. परंतु बडे महंमदखाँ यांची तानक्रिया त्यांनी पडद्याआडून ऐकून आत्मसात केली, अशी परंपरागत आख्यायिका आहे. आग्रा घराणे मूळचे धृपद-धमाराचे. त्यातील घग्गे खुदाबक्ष यांनी ग्वाल्हेरच्या नत्थन पीरबक्ष यांच्याकडून ख्यालाची तालीम घेतली आणि त्यानंतर या घराण्यात ख्यालगायन रुजले. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांना त्यांचे चुलते जहांगीरखाँ यांनी शिकविले. तथापि त्यांच्या गायकीवर बडे महंमदखाँ यांचे पुत्र मुबारक अलीखाँ यांच्या गाण्याचा खोल संस्कार झाला होता. यावरून असे दिसते, की घराण्याच्या संस्थापकांस जे स्वातंत्र्य होते, ते पुढील पिढ्यांतील शिष्यांस नाकारले गेले.

महाराष्ट्रातील प्रारंभीचे साधक : महाराष्ट्रातील ब्राह्मण तरुण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्यालगायनाकडे वळले, तेव्हा त्यांच्यापाशी घरची तालीम नव्हती. गुरू शोधत फिरणे आणि जेथे विद्या मिळेल तेथे ती घेणे, एवढाच मार्ग त्यांना मोकळा होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी धार येथे देवजीबुवा परांजपे यांच्याकडे शिक्षण घेतले आणि पुढे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेर गायकीची संपूर्ण तालीम मिळविली. त्यांच्या प्रयत्नांनी ही गायकी महाराष्ट्रात स्थिरावली. रामकृष्णबुवा वझे (१८७१–१९४५) यांनी बालवयातच घर सोडून दूरवर भ्रमंती केली. ग्वाल्हेरच्या निसार हुसेनखाँ यांच्याप्रमाणेच इतरही अनेक गुणिजनांकडून त्यांनी चिजा जमविल्या. अनवट रागांचा त्यांचा संग्रह या भ्रमंतीचे फळ होय. संगीत कला प्रकाश या ग्रंथाद्वारे त्यांनी तो काही अंशी प्रसिद्धही केला.

क्रमिक बहुगुरुशिक्षणाचे सर्वांत उद्बोधक उदाहरण भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे आहे. बालपणी बडोद्यात विष्णुबुवा पिंगळे यांच्याकडे त्यांनी प्राथमिक धडे घेतले. किर्लोस्कर नाटक मंडळीत असताना प्रख्यात बीनकार बंदे अलीखाँ यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. त्यानंतर ग्वाल्हेर गायकीचे फैज महंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ व अखेरीस अल्लादियाखाँ अशा तीन श्रेष्ठ उस्तादांची तालीम त्यांनी घेतली. स्वतः नामवंत झाल्यावरही शिष्यभावाने अल्लादियाखाँपुढे बसण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. त्यांच्या विद्येचा लाभ बैठकीपुरता राहिला नाही. संगीत स्वयंवर (१९१६) या नाटकातील पदांना त्यांनी दिलेल्या चालींतून नाना घराण्यांच्या राग-बंदिशींचे धन मराठी रंगभूमीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. १९११ मध्ये पुण्यात त्यांनी स्थापन केलेली संस्था पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्धीस आली.

स्त्री-कलावंत : पुरुष साधकांस भ्रमंती करता येत असे; स्त्री-कलावंतांस ती मुभा नव्हती. गोव्यातील कलावंत कुटुंबांत मुलीच्या शिक्षणासाठी उस्तादास वेतन देऊन घरी बोलाविण्याची रीत होती. उस्तादाचे वास्तव्य, त्याचे इतर यजमान, मुलीच्या घरची आर्थिक स्थिती व अन्य शिष्यांचे हेवेदावे या सर्वांवर तालमीचे सातत्य अवलंबून असे. त्यामुळे एका स्त्री-कलावंतीच्या चरित्रात अनेक गुरूंची नावे आली, तरी ती दरवेळी तिच्या निवडीची द्योतक असतात असे नाही. पुष्कळदा ती खंडित शिक्षणाची खूण असते.

केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनी बालपणी कोल्हापुरात अब्दुल करीमखाँ यांच्याकडे अल्पकाळ शिक्षण घेतले. पुढे रामकृष्णबुवा वझे, सतारवादक बरकतुल्लाखाँ व भास्करबुवा बखले यांच्याकडे त्या शिकल्या. पण यांपैकी एकही तालीम दीर्घकाळ टिकली नाही. १९२१ मध्ये अल्लादियाखाँ यांनी कठोर अटींवर त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले, त्यानंतरच त्यांच्या गायकीस निश्चित रूप आले. मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) यांची वाट याहून बिकट होती. सांगली येथे अल्लादियाखाँ यांच्याकडे सुरू झालेले शिक्षण खाँसाहेबांनी गाव सोडल्यावर थांबले. मुंबईस आल्यावर त्यांनी आग्रा घराण्याची तालीम घेतली. तीही टिकली नाही. पुढे अल्लादियाखाँ यांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९३४ मध्ये अल्लादियाखाँ यांचे रीतसर शिष्यत्व त्यांना लाभले. एकगुरुत्वाचा नियम आणि गुरूंमधील स्पर्धा यांचा भार येथे शिष्येवरच पडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मोगूबाईंनी आपल्या कन्येच्या बाबतीत घेतलेला निर्णय म्हणूनच अर्थपूर्ण ठरतो. किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांना जयपूर घराण्याची तालीम त्यांनी स्वतः दिली आणि त्याबरोबर आग्रा घराण्याचे अन्वर हुसेनखाँ, भेंडीबाजार परंपरेतील अंजनीबाई मालपेकर, ग्वाल्हेर परंपरेतील शरच्चंद्र आरोळकर प्रभृतींकडेही त्यांना शिकावयास पाठविले. येथे गुरूनेच शिष्येला दुसऱ्या गुरूंकडे नेले. त्यामुळे निष्ठेचा प्रश्न उद्भवला नाही आणि मूळची तालीमही अखंड राहिली.

एककालिक शिक्षण : एकाच काळात अनेक गुरू करण्याचा प्रघात प्रथम विषयविभागणीच्या रूपाने रूढ झाला. ख्याल एका गुरूकडे, ताल व तबला दुसऱ्याकडे, ठुमरी अथवा वाद्य तिसऱ्याकडे अशी विभागणी असल्यास कोणी आक्षेप घेत नसे. जगन्नाथबुवा पुरोहित (१९०४–१९६८) यांनी गायनाची तालीम आग्रा घराण्याच्या विलायत हुसेनखाँ (१८९५–१९६२) यांच्याकडून, तर तबल्याची अहमदजान थिरकवा यांच्याकडून घेतली. सरोदवादक अल्लाउद्दीनखाँ (मृत्यू १९७२) यांचे कलकत्त्यातील विद्यार्थिदशेचे दिवस या रीतीचे टोकाचे उदाहरण ठरतील. गोपालचंद्र तथा नुलो गोपाल यांच्याकडे गायन, अमृतलाल दत्त यांच्याकडे विविध वाद्ये आणि लोबो नावाच्या गोमंतकीय बँडप्रमुखाकडे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन, असा त्यांचा विद्याभ्यास चाले. पुढे रामपूरच्या वझीरखाँ यांचे शिष्यत्व मिळविण्यासाठी त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले. मैहर येथे त्यांनी घडविलेल्या शिष्यांच्या वादनात धृपद अंगाचा आलाप आणि तंतकारी यांचा जो संयोग आढळतो, त्याचा पाया या बहुविध अभ्यासात आहे. तबल्यात मुनीरखाँ (मृत्यू १९३७) यांनी दिल्ली व फरुखाबाद या दोन्ही बाजांची विद्या मिळविली व मुंबईतील आपल्या शिष्यांना दिली.

संस्थांचा उदय : मुंबईत १८७० मध्ये पारशी समाजातील संगीतप्रेमींनी स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीत विविध परंपरांचे गायक शिक्षक म्हणून नेमले जात. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांना येथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून धृपदाचे व अन्य उस्तादांकडून ख्यालाचे शिक्षण मिळाले. गुरूशी असलेले नाते वैयक्तिक न राहता संस्थेमार्फत जुळल्यामुळे एकाच छताखाली दोन गुरूंकडे शिकणे निर्वेध झाले. पुढे भातखंडे यांनी जयपूर, रामपूर इ. ठिकाणच्या परंपरांतील चिजा मिळवून स्वरलिपीसह हिंदुस्तानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका या सहा भागांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केल्या. घराण्यांची जी ठेव राखण्यासाठी एकगुरुत्वाचे बंधन होते, ती छापील रूपाने सर्वांस उपलब्ध झाल्याने त्या बंधनाचा आर्थिक आधार दुबळा झाला.

विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ठराविक अभ्यासक्रम, वर्ग, वेळापत्रक व परीक्षा यांमुळे विद्यार्थी विशिष्ट गुरूचा न राहता विद्यालयाचा झाला. वर्ग बदलला की शिक्षक बदले. पद्धती मात्र तीच राही. त्यांचे शिष्य बा. र. देवधर (१९०१–१९९०) यांनी १९२५ मध्ये मुंबईत काढलेल्या संगीतविद्यालयात निरनिराळ्या घराण्यांचे कलावंत येत व गात. याच वातावरणात वाढलेले कुमार गंधर्व (१९२४–१९९२) देवधरांबरोबर अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही शिकले आणि पुढे त्यांनी घराण्याची चौकटच नाकारली.

तालमीतील अडचणी : बहुगुरुशिक्षणाविषयीचे सर्वच आक्षेप स्वार्थमूलक नव्हते, त्यांपैकी काही शुद्ध शैक्षणिक स्वरूपाचे होते. पहिला आक्षेप आवाजाच्या लगावाचा. ग्वाल्हेरचा मोकळा आकार, आग्र्याचा भरदार व लयीशी खेळणारा उच्चार, किराण्याची सूक्ष्म स्वरलगावाची दृष्टी आणि जयपूरची दीर्घ दमश्वासाची बलपेचदार आकारयुक्त तान यांसाठी कंठाची तयारी वेगवेगळ्या प्रकारे करावी लागते. कोवळ्या वयात एकाच वेळी दोन लगावांचा रियाज केल्यास कोणताही एक लगाव दृढ होत नाही. दुसरा आक्षेप रागरूपांचा. बिहागडा, खट यांसारख्या रागांची चलने घराण्यागणिक भिन्न आहेत. बंदिशींचे पाठभेदही विपुल आहेत. एका गुरूने जे शुद्ध म्हणून शिकविले, ते दुसरा चूक ठरवितो आणि निर्णय करण्याची पात्रता अद्याप शिष्याच्या अंगी आलेली नसते. तिसरा आक्षेप वेळेचा. तालीम म्हणजे पाठ घेणे नव्हे. एकच पलटा वा एकच बंदिश महिनोगणती घोटणे आणि गुरूच्या मागे तंबोऱ्यावर बसून त्याचा विचार ऐकणे, हा तिचा मुख्य भाग होय. दोन ठिकाणी विभागलेला शिष्य या सहवासास दोन्हीकडे मुकण्याचा संभव असतो.

यशस्वी उदाहरणे : या अडचणी ओलांडणाऱ्या कलावंतांच्या शिक्षणक्रमात काही समान विशेष दिसतात. मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांनी मिरज येथे नीलकंठबुवा आलूरमठ यांच्याकडे ग्वाल्हेर गायकीची पक्की तालीम घेतली होती व त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या. अशा स्थितीत त्यांनी अल्लादियाखाँ यांचे पुत्र मंजीखाँ यांचे शिष्यत्व पत्करले. १९३७ मध्ये मंजीखाँ निवर्तल्यावर त्यांचे बंधू भूर्जीखाँ यांच्याकडे ते शिकले आणि जयपूर गायकीचे एक श्रेष्ठ प्रतिनिधी ठरले. गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांना वडील अनंत मनोहर जोशी यांच्याकडून ग्वाल्हेर गायकीचा वारसा मिळाला. त्यात त्यांनी रामकृष्णबुवा वझे, विलायत हुसेनखाँ आणि भूर्जीखाँ यांच्या विद्येची भर घातली. त्यांचे शिष्य उल्हास कशाळकर (जन्म १९५५) यांच्या गाण्यात ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकींचे विशेष आपापले वेगळेपण राखून प्रकट होतात. जितेंद्र अभिषेकी (मृत्यू १९९८) यांनी गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेनखाँ व गुलूभाई जसदनवाला यांच्याकडून शिक्षण घेतले. ख्यालाप्रमाणेच नाट्यसंगीताच्या त्यांच्या रचनांतही या व्यासंगाचा प्रत्यय येतो.

या बहुतेक उदाहरणांत एका गायकीचा पाया आधी घातला गेला व दुसरी तालीम त्यावर चढविली गेली. दुसऱ्या गुरूकडे जाताना शिष्य प्रौढ व विवेकक्षम होता, अथवा मूळ गुरूचीच त्यास संमती होती. प्रत्येक नव्या गुरूजवळही त्याने केवळ चिजा वेचल्या नाहीत, तर त्या गुरूचा रागविचार समजून घेतला.

आधुनिक साधने : भारतात १९०२ मध्ये ध्वनिमुद्रणास प्रारंभ झाला आणि १९२७ मध्ये मुंबई व कलकत्ता येथे नियमित नभोवाणी प्रक्षेपणे सुरू झाली. परघराण्याचे गाणे ऐकण्यावर गुरू घालीत असलेला निर्बंध त्यानंतर पाळणे अशक्य झाले. ध्वनिफीत, ध्वनिचकती व आंतरजाल यांमुळे आजचा विद्यार्थी एकाच दिवशी अनेक घराण्यांचे श्रेष्ठ गायन ऐकू शकतो आणि दूरस्थ गुरूकडून दृक्‌श्राव्य माध्यमाद्वारे पाठही घेऊ शकतो. मात्र ध्वनिमुद्रण शिष्याची चूक सुधारीत नाही. श्रवणाने शैलीचा परिचय होतो. तालमीने ती कंठात उतरते. उपलब्धता वाढल्याने निवडीची जबाबदारी मात्र गुरूकडून विद्यार्थ्याकडे आली आहे.

मूल्यमापन : एकगुरुत्वाने गायकीचे सातत्य राखले व बारकावे जपले, परंतु त्याच नियमाने पुष्कळ विद्या संकुचित वर्तुळात कोंडली गेली आणि योग्य वारसाअभावी तिचा काही भाग लोपला. बहुगुरुशिक्षणाने ही कोंडी फोडली. त्यातून रागसंग्रह वाढला, घराण्यांत देवाणघेवाण झाली आणि महाराष्ट्र हे अनेक गायकींचे संगमस्थान बनले. त्याचबरोबर पाया पक्का होण्यापूर्वी गुरू बदलणाऱ्यांच्या गायनात ना एका घराण्याची शिस्त, ना दुसऱ्याची समृद्धी, अशी स्थितीही आढळते. गुरू किती केले यापेक्षा ते कोणत्या क्रमाने, कोणाच्या संमतीने व किती काळ केले, यांवरच या शिक्षणाचे यशापयश अवलंबून राहिले आहे.